शेअरचा भाव पडला, पण हक्क कुठे गेला?

पत्राचा सारांश: वाचक ५८ वर्षांच्या असून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. वडिलांच्या पश्चात त्यांच्या नावावर एका जुन्या उत्पादक कंपनीचे ४,००० शेअर आले. या कंपनीने हक्कभाग विक्री, म्हणजे राइट्स इश्यू जाहीर केला आहे. दर चार शेअरमागे एक नवा शेअर १२० रुपयांना मिळेल. उभारलेला बराचसा पैसा कर्जफेडीला जाणार असून प्रवर्तक, म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मुख्य मालक, आपला पूर्ण वाटा उचलणार आहेत, असं कंपनीने कळवलं आहे. घोषणेआधी शेअरचा भाव २२५ रुपये होता, घोषणेनंतर २०० झाला आणि रेकॉर्ड डेटला, म्हणजे हक्क कुणाला मिळणार हे ठरवणाऱ्या तारखेला, १८४ वर आला. भाऊ म्हणतो, "कंपनीने हात पसरले की समजायचं, विकून मोकळी हो." मुलगा म्हणतो, "१८४ चा शेअर १२० ला मिळतोय, डोळे झाकून घे." सगळे शेअर घ्यायचे तर १,२०,००० रुपये लागतात आणि त्यासाठी आजारपणाला ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल. "बाबांनी ज्या कंपनीवर विश्वास ठेवला तिला नाही म्हणताना अपराधी वाटतं. त्यापेक्षा काहीच करू नये असं वाटतं. पैसेही वाचतील आणि शेअरही राहतील. चुकतंय का माझं?"

ताई,

तुमच्या घरात तीन मतं आहेत. त्यातलं सर्वांत सुरक्षित वाटणारं मत तुमचं आहे आणि नेमकं तेच सर्वांत महाग पडणारं आहे. म्हणून भावाचं आणि मुलाचं नंतर पाहू, आधी तुमचंच घेते.

तुमचे शेअर जिथे ठेवलेले आहेत ते डिमॅट खातं पाहा. कंपनीच्या नावासमोर ४,००० शेअर दिसतील. तिथेच जवळपास त्याच नावाची आणखी एक ओळ असेल, शेवटी 'आरई' ही अक्षरं आणि संख्या १,०००. हे तुमचे राइट्स एन्टायटलमेंट, म्हणजे नवे शेअर १२० रुपयांना मागण्याचे हक्क. तुम्ही अर्ज केलेला नाही, पैसे भरलेले नाहीत, तरी ते तुमच्या खात्यात आले आहेत, कारण रेकॉर्ड डेटला तुमचं नाव भागधारकांच्या यादीत होतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम ६२ सांगतं की कंपनीला भांडवल वाढवायचं असेल तर नवे शेअर आधी विद्यमान भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात देऊ करायचे, आणि ज्याला नको असतील त्याला तो हक्क दुसऱ्याला देता आला पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, हे हक्क डिमॅट स्वरूपात जमा करण्याची आणि शेअर बाजारात विकता येण्याची व्यवस्था आणली. त्याच वर्षी मे महिन्यात रिलायन्सच्या ५३,००० कोटी रुपयांहून मोठ्या हक्कभाग विक्रीत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

म्हणजे ती दुसरी ओळ ही तुमच्या मालकीची, विकता येणारी वस्तू आहे. तिला मुदत आहे. इश्यू बंद होईपर्यंत तुम्ही अर्जही केला नाही आणि हक्कही विकला नाही, तर ते १,००० हक्क रद्द होतात. खात्यातली ओळ पुसली जाते आणि बदल्यात एक पैसाही मिळत नाही. ब्रिटनमध्ये अशा गप्प बसलेल्या भागधारकांचे शेअर सहसा बाजारात विकले जातात आणि देऊ केलेल्या किमतीवर जे जास्त मिळेल ते त्यांना पाठवलं जातं. आपल्याकडे तशी सोय नाही.

त्या ओळीची किंमत काढू या. हिशेब सोपा आहे, कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर करा. इश्यूआधी चार शेअरची किंमत २०० प्रमाणे ८०० रुपये. त्यात एक नवा शेअर १२० चा. पाच शेअरचे झाले ९२०. एका शेअरला आले १८४. रेकॉर्ड डेटला तुमच्या शेअरचा भाव १८४ झाला तो यामुळेच. त्या दिवशी कंपनीचं काहीही बिघडलं नाही. एका वस्तूचे दोन तुकडे झाले, शेअर १८४ चा आणि हक्क वेगळा. १८४ ची वस्तू १२० ला मागण्याचा हक्क, म्हणून त्याची किंमत अंदाजे ६४ रुपये. तुमच्याकडे असे १,००० आहेत. ती दुसरी ओळ ६४,००० रुपयांची झाली.

आता तुमचे पर्याय मांडून पाहा. हक्क बजावले तर १,२०,००० भरून तुमच्याकडे ५,००० शेअर होतील, १८४ प्रमाणे ९,२०,००० चे. भरलेले वजा केले तर ८,००,०००. हक्क विकले तर शेअरचे ७,३६,००० आणि हक्कांचे ६४,०००, पुन्हा ८,००,०००. काहीच केलं नाही तर ७,३६,०००. घेणारा आणि विकणारा दोघंही एकाच जागी उभे राहतात, फक्त गप्प बसणारा ६४,००० नी मागे पडतो. आणि ते पैसे वाचत नाहीत, ते दुसऱ्याकडे जातात. तुम्ही न मागितलेले शेअर कंपनी जादा अर्ज करणाऱ्यांना त्याच १२० रुपयांना देते. त्यात इतर भागधारक असतात, अनेकदा स्वतः प्रवर्तक असतात. तुमची घसरलेली टक्केवारी त्यांच्या पदरात पडते. बाबांचे शेअर "तसेच राहतील" हे आकड्यापुरतं खरं आहे. ४,००० चे ४,००० राहतील, पण कंपनीतला तुमचा हिस्सा एक पंचमांशाने कमी होईल.

हे मी इतकं लांबवून सांगते आहे कारण मी ते जवळून पाहिलं आहे. माझ्या काकांच्या मागे त्यांची कागदपत्रं लावताना एक लांबट पाकीट सापडलं, न फोडलेलं. आत त्या काळचा हक्कभागाचा छापील अर्ज होता, चार भागांचा. पहिला भाग शेअर स्वीकारायचा, दुसरा हक्क सोडून द्यायचा, तिसरा ज्याच्या नावे सोडला त्याने भरायचा, चौथा अर्जाचे तुकडे करून मागायचा. इश्यू बंद होण्याची तारीख अकरा वर्षं मागची होती. काका व्यवहारात चोख माणूस होते. पण "मला आणखी शेअर नकोत" एवढं त्यांनी ठरवलं आणि पाकीट बाजूला ठेवलं. दुसरा भाग भरून तो हक्क विकता आला असता हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आज पाकीट येत नाही, ईमेल येतो आणि खात्यात एक ओळ उगवते. दुर्लक्ष करणं उलट सोपं झालं आहे.

आता तुमच्या मुलाचं. त्याचा निष्कर्ष कदाचित बरोबर ठरेल, पण कारण चुकीचं आहे. शेअरमागे ६४ रुपये स्वस्त मिळतात हे खरं, पण ती सवलत कंपनीने दिलेली भेट नव्हे. ते ६४,००० आधीपासून तुमचेच होते, जुन्या शेअरच्या भावातून निघून दुसऱ्या ओळीत येऊन बसले. पटत नसेल तर असं धरा की कंपनीने १२० ऐवजी ४० रुपयांना शेअर देऊ केला असता, तितकाच पैसा उभा करायला चारमागे तीन. तुम्हाला ३,००० शेअर मिळाले असते, भरायचे तेच १,२०,०००. चार जुने ८०० चे, तीन नवे १२० चे, सातांचे ९२०, एकाला सुमारे १३१ रुपये ४३ पैसे. तुमच्याकडच्या ७,००० शेअरची किंमत पुन्हा ९,२०,०००. इश्यूचा भाव कितीही खाली आणा, स्वतःचा वाटा पूर्ण उचलणाऱ्याला किंवा हक्क विकणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो न घेणाऱ्याला आणि न विकणाऱ्याला, कारण सवलत जितकी मोठी तितकं त्याचं नुकसान मोठं. त्यामुळे "किती स्वस्त" हा प्रश्न बाजूला ठेवा. १,२०,००० रुपये आणखी या कंपनीत घालायचे का, एवढाच प्रश्न उरतो.

भावाच्या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते नीट वेगळं काढायला हवं. तुमच्या मोबाइलवर आज नऊ लाखांचे सात लाख छत्तीस हजार दिसतात. अठरा टक्क्यांची घसरण पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण त्या १,६४,००० मधले ६४,००० हक्कांच्या ओळीत आहेत, ते गेलेले नाहीत. उरलेले एक लाख, म्हणजे २२५ चे २०० झाले ते, ही खरी घसरण. ते बाजाराचं मत आहे आणि ते ऐकण्यासारखं आहे.

घोषणा होताच भागधारक शेअर का विकू लागतात? काहींकडे नवे पैसे नसतात. हक्कांची भानगड नको म्हणून ते रेकॉर्ड डेटच्या आधीच शेअर विकून टाकतात. काहींच्या मनात शंका येते की धंद्यातून पैसा येत असता तर आमच्याकडे का आले असते, बँकेने का नाही दिले? या शंकेला अर्थशास्त्रात मान आहे. स्ट्यूअर्ट मायर्स आणि निकोलस मज्लुफ यांनी १९८४ मध्ये मांडलं की कंपनीची आतली स्थिती व्यवस्थापनाला बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. म्हणून कंपनी नवे शेअर विकायला काढते तेव्हा बाहेरचा माणूस धरून चालतो की शेअर महाग असावा, आणि भाव खाली येतो. हक्कभागात ही शंका थोडी बोथट होते, कारण शेअर परक्यांना विकले जात नाहीत. सगळ्या जुन्या मालकांनी आपापला वाटा घेतला तर कुणीच कुणाला महाग माल खपवला असं होत नाही. पण पैशांची गरज का पडली हा प्रश्न राहतोच.

त्याचं उत्तर लेटर ऑफ ऑफरमध्ये, म्हणजे इश्यूसाठी कंपनी भागधारकांना देते त्या माहितीपत्रात असतं. हा दस्तऐवज जाड असतो, पण तुम्ही इतकी वर्षं वह्या तपासल्या आहेत, तुम्हाला चाळीस पानं जड जाणार नाहीत. 'इश्यूची उद्दिष्टे' हे प्रकरण आधी वाचा. कर्ज फेडायचं असेल तर कोणतं, किती व्याजाचं, कुणाचं? हे 'कुणाचं' फार महत्त्वाचं. कधी कधी फेडायचं कर्ज प्रवर्तकांनीच कंपनीला दिलेलं असतं, किंवा प्रवर्तक नवा पैसा न आणता जुनं येणं शेअरमध्ये बदलून घेतात. तसं असेल तर "प्रवर्तक पूर्ण वाटा उचलणार" या वाक्याचं वजन बरंच कमी होतं. 'सर्वसाधारण कामकाजासाठी' असं मोघम लिहून किती रक्कम ठेवली आहे तेही पाहा. सेबीच्या नियमानुसार ती एकूण रकमेच्या २५ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, पण एखादी कंपनी त्या मर्यादेला टेकली असेल तर मी कान टवकारते. मग ताळेबंदातून एवढंच शोधा की ही रक्कम फेडल्यावर किती कर्ज उरतं आणि मागच्या पाच-सात वर्षांत कंपनीने असाच इश्यू आणला होता का. तेव्हाचं कारणही कर्जफेडच होतं आणि कर्ज आज पुन्हा तितकंच असेल, तर भावाचं ऐका.

प्रवर्तकांचा सहभाग ही चांगली खूण आहे, हमी नाही. व्होडाफोन आयडियाने एप्रिल २०१९ मध्ये २५,००० कोटी रुपयांचा हक्कभाग आणला, ३८ शेअरमागे ८७ नवे, साडेबारा रुपयांना. दोन्ही प्रवर्तक गटांनी मिळून १८,२५० कोटी रुपयांपर्यंत घालायची तयारी दाखवली आणि इश्यू पूर्ण भरला. काही महिन्यांतच भाव साडेबाराच्या कितीतरी खाली गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एजीआर थकबाकीचा, म्हणजे दूरसंचार कंपन्यांनी महसुलातून सरकारला द्यायच्या रकमेचा, निकाल आल्यावर आणखी पडला. पाच वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, कंपनीने पुन्हा जनतेकडून भांडवल मागितलं ते ११ रुपये दराने. उलट रिलायन्सच्या २०२० च्या इश्यूत १५ शेअरमागे एक नवा शेअर १,२५७ रुपयांना होता, मागणी १.५९ पट आली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने निव्वळ कर्जमुक्त झाल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे प्रवर्तक पुढे होते, दोन्हीकडे भागधारकांनी हो म्हटलं.

इतर भागधारक काय करतात यावरून अंदाज बांधण्याचा मोह टाळा, हे सांगायला मला २००८ चं ब्रिटन नेहमी आठवतं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २०० पेन्स दराने १२ अब्ज पौंडांचा हक्कभाग आणला आणि सुमारे ९५ टक्के शेअर भागधारकांनी घेतले. त्याच उन्हाळ्यात एचबीओएस या दुसऱ्या बँकेने २७५ पेन्स दराने ४ अब्ज पौंड मागितले आणि भागधारकांनी जेमतेम ८ टक्के घेतले, बाकीचे हमीदारांच्या, म्हणजे उरलेले शेअर घ्यायची हमी दिलेल्या संस्थांच्या, गळ्यात पडले. दुसऱ्या बँकेचे भागधारक जास्त शहाणे होते असं नाही. बाजारातला भावच २७५ च्या खाली घसरला होता. बाहेर स्वस्त मिळतंय ते आत जाऊन महाग कोण घेणार? पहिल्या बँकेत भाव २०० च्या वर टिकला म्हणून लोकांनी पैसे भरले, आणि काही महिन्यांतच सरकारला तीच बँक वाचवायला ६५.५ पेन्स दराने भांडवल ओतावं लागलं. ९५ टक्के लोकांनी सवलत पाहून होकार दिला होता. बँकेच्या तब्येतीचा प्रश्न बाजूलाच राहिला होता.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. १८४ हा काही खिळा ठोकलेला भाव नाही. इश्यू सुरू असताना तो घसरून १२० च्या जवळ आला तर अर्ज करण्यात अर्थ उरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी घाईने अर्ज करू नका. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासापर्यंतही थांबू नका, मधले दिवस वापरा.

आता तुमच्याबद्दल. मुदत ठेव मोडू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण तुम्हीच लिहिलं आहे की ती आजारपणासाठी आहे. कंपनी कितीही चांगली निघाली तरी त्या पैशांचं काम वेगळं आहे. शिवाय तुमच्या एकूण बचतीतला किती हिस्सा या एका शेअरमध्ये आहे, ते पत्रात नाही. आठ लाख ही रक्कम तुमच्या बचतीचा तिसरा-चौथा हिस्सा असेल, तर लेटर ऑफ ऑफर वाचून कंपनी आवडली तरी त्यात आणखी भर घालू नये असंच मी म्हणेन. एका कंपनीवर इतकं ओझं निवृत्तीनंतर नको.

पण त्यासाठी हक्क वाया घालवायची गरज नाही. माझा कल एका मधल्या वाटेकडे आहे, ज्यात खिशातून काहीच जात नाही. काही हक्क विकायचे आणि आलेल्या पैशांतून उरलेले हक्क बजावायचे. आरई बाजारात बहुधा हिशेबी किमतीपेक्षा थोडे कमी भावाने विकले जातात. समजा ६० मिळाले. ६६७ हक्क विकले की ४०,०२० रुपये येतात. उरलेल्या ३३३ हक्कांवर शेअर घ्यायला लागतात ३९,९६०. दलाली आणि किरकोळ खर्च सोडले तर जमाखर्च बरोबर, आणि तुमच्याकडे ४,३३३ शेअर. हिस्सा थोडा घटेल, पण किंमत वाया जाणार नाही आणि ठेवीला हात लागणार नाही. कंपनीबद्दल वाचून मन खट्टू झालं तर सगळे १,००० हक्क विका. मुलाला खरोखरच विश्वास वाटत असेल तर त्यालाही वाट आहे. डिलिव्हरी इन्स्ट्रक्शन स्लिप भरून काही आरई त्याच्या डिमॅट खात्यात वळते करा आणि तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने अर्ज करू दे. आईला ठेव मोडायला सांगण्याआधी त्याने स्वतःचे पैसे घालायचे का हा विचार केला, तर तोही ती चाळीस पानं वाचेल.

हक्क विकताना एवढं लक्षात असू द्या. ते शेअरसारखेच ब्रोकरमार्फत विकले जातात, पण त्यात डिलिव्हरी सक्तीची असते, सकाळी घेऊन संध्याकाळी विकणं चालत नाही. उलाढाल कधी कधी पातळ असते, म्हणून मिळेल त्या भावाला न विकता भाव घालून ऑर्डर द्या. भाव योग्य आहे का ते बघायला आरईच्या भावात १२० मिळवा आणि शेअरच्या चालू भावाशी ताडून पाहा. बेरीज बरीच कमी येत असेल तर हक्क स्वस्तात जातो आहे, एखादा दिवस थांबा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाजारात आरई विकण्याची शेवटची तारीख ही इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीची असते. बहुतेक लोक इथेच चुकतात. त्यांच्या डोक्यात एकच तारीख असते. विकलेल्या हक्कांवर मिळालेला पैसा हा भांडवली नफा धरतात, त्यांची खरेदी किंमत शून्य मानून, तेव्हा तो विवरणपत्रात दाखवायचा.

अर्ज बँकेतून अस्बा पद्धतीने करायचा. रक्कम खात्यातच अडवून ठेवली जाते आणि शेअर वाटपानंतर तेवढीच कापली जाते. ते खातं तुमचंच हवं. मुलाच्या खात्यातून तुमच्या नावाचा अर्ज भरला तर तो बाद होतो. काही हक्क विकल्यावर वाट्यापेक्षा जादा शेअर मागता येत नाहीत, पण तुम्हाला ते नकोच आहेत. भावाच्या सांगण्यावरून सगळे जुने शेअर विकायचे ठरवलंत तरी आरईची ओळ आपोआप विकली जात नाही, ती वेगळी विकावी लागते. रेकॉर्ड डेटनंतर शेअर विकून हक्क विसरलेले लोक मी पाहिले आहेत.

तुमच्यासारख्याच, पण थोड्या वेगळ्या अडचणीत असलेल्यांसाठी दोन गोष्टी. शेअर अजून कागदी स्वरूपात असतील तर आरई एका तात्पुरत्या खात्यात ठेवलेले असतात. इश्यू बंद होण्याच्या दोन कामकाजाच्या दिवसांआधीपर्यंत रजिस्ट्रारला, म्हणजे कंपनीच्या वतीने शेअरच्या नोंदी पाहणाऱ्या संस्थेला, आपल्या डिमॅट खात्याचा तपशील दिला तरच ते मिळतात. शेअर अजून गेलेल्या माणसाच्या नावावर असतील तर रजिस्ट्रारशी आजच बोला. आता सेबीच्या नियमांनुसार संचालक मंडळाच्या मंजुरीपासून २३ कामकाजाच्या दिवसांत सगळा इश्यू पार पडतो, त्यामुळे वारसाची कागदपत्रं जमवायला निवांत वेळ मिळत नाही. दुसरं, काही इश्यूंमध्ये पैसे टप्प्याटप्प्याने मागतात. रिलायन्सने २०२० मध्ये आधी फक्त चौथाई रक्कम घेतली आणि बाकीची २०२१ मध्ये दोन हप्त्यांत मागितली. अशा वेळी सुरुवातीला भरायचा आकडा पाहून हुरळू नका, पूर्ण रक्कम धरून ठरवा. पुढचा हप्ता चुकला तर शेअर जप्तही होऊ शकतात.

राहिला तो अपराधीपणा. बाबांनी ते शेअर विकत घेतले तेव्हा त्यांनी त्या कंपनीला देणगी दिली नव्हती. त्यांनी पाहिलं, हिशेब केला आणि पैसे गुंतवले. कंपनीने आज तुमच्याकडे विचारणा केली आहे तीही मालक म्हणून, आणि मालकाला "या वेळी नको" म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. हक्क दुसऱ्याला विकला तरी कंपनीचे पैसे बुडत नाहीत. तो विकत घेणारा माणूस तेच १२० रुपये भरतो. कंपनीला तुमच्या वाट्याचे १,२०,००० मिळतातच, फक्त दुसऱ्याच्या हातून.

आज संध्याकाळी एवढंच करा. लेटर ऑफ ऑफरच्या पहिल्या पानांवरच्या दोन तारखा, बाजारात आरई विकण्याचा शेवटचा दिवस आणि इश्यू बंद होण्याचा दिवस, कागदावर लिहून डोळ्यांसमोर लावा. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत तुमचं काहीच ठरलं नसेल, वाचून झालं नसेल, घरात एकमत झालं नसेल, तर आणखी विचार करत बसू नका. ब्रोकरला फोन करा आणि सगळे १,००० हक्क विकायला सांगा.